नवं पिस्तूल रुळवताना

माझ्या भाच्याने परवाना हातात पडल्यावर बत्तीस बोअरचं, खिशात मावेल असं नवं पिस्तूल घेतलं आणि त्याच संध्याकाळी मला फोन केला. "मामा, याची स्लाइड तर सरकतच नाही ना. खराब तर नाही निघालं?"

पिस्तूल खराब नव्हतं, नवं होतं. स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग. मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत लेथवर आयुष्य काढलं. नव्या मशीनचा स्लाइडवे पहिले काही दिवस कसा अडखळतो आणि मग एके दिवशी लोण्यासारखा कसा सरकू लागतो, ते मी हाताने अनुभवलंय. दोन धातू एकमेकांवर घासतात, सूक्ष्म उंचवटे झिजतात, स्प्रिंगा आपली खरी लांबी धरतात. आम्ही त्याला मशीन रुळणं म्हणायचो. पिस्तुलाचंही तसंच असतं.

फरक एवढाच की परदेशी सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. तिकडे सर्रास सांगतात, दोनशे गोळ्या झाडा, पाचशे झाडा, पिस्तूल आपोआप रुळेल. आपल्याकडे परवान्यावर काडतुसांचा कोटा लिहिलेला असतो आणि प्रत्येक काडतुसाचा हिशेब असतो. दोनशे गोळ्या नुसत्या लोखंड घासायला घालवणं परवडत नाही, आणि तशी गरजही नाही. रुळवण्याचं निम्म्याहून अधिक काम एकही गोळी न झाडता, घरी टेबलावर होतं. उरलेल्या कामात प्रत्येक गोळीकडून काहीतरी माहिती काढून घ्यायची. भाच्याला मी हेच शिकवलं, तेच इथे लिहितो.

आधी कागद

नागपूर शहराच्या हद्दीत शस्त्र परवाना पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. पिस्तूल दुकानातून उचलण्याआधी त्यावरचा नंबर पावतीशी अंक न् अंक ताडून बघा. नंबर फ्रेमवर (मुठीसकट खालच्या सांगाड्यावर) असेल, स्लाइडवर असेल, नळीवर असेल. जिथे जिथे असेल तिथे सारखाच हवा. नंतर परवान्यावर नोंद करून घ्या. एका अंकाची चूक पुढे नूतनीकरणाच्या वेळी किती फेऱ्या मारायला लावते, ते ज्याने मारल्यात त्यालाच ठाऊक.

दुकानातच दोन गोष्टी मागा: छापील माहितीपुस्तिका आणि शक्य असल्यास दुसरं मॅगझिन. मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायचा डबा, हा पिस्तुलाचा सगळ्यात नाजूक भाग आहे. पिस्तूल अडकतं त्यातल्या बऱ्याच वेळी दोष मॅगझिनचा निघतो, आणि एकच मॅगझिन असेल तर दोष कुणाचा हे ठरवायचं तरी कशावरून?

रिकामं आहे हे बोटाने पाहा

हे रोज, दर वेळी. पिस्तूल हातात घेतलं की आधी मॅगझिन काढायचं. मग स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्याने बघायचं, आणि करंगळी घालून चाचपायचं. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि नंतर मॅगझिन काढलं, तर स्लाइड पुढे जाताना वरचं काडतूस चेंबरमध्ये ढकलते. मॅगझिन हातात आलं म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि आत एक गोळी बसलेली असते. अशा अपघातांच्या बातम्यांत "साफ करताना गोळी सुटली" एवढंच लिहिलेलं असतं. मुळात घोटाळा बहुतेकदा या क्रमाचा असतो.

काही पिस्तुलांत मॅगझिन काढलं की चाप चालत नाही. त्या सोयीवर भरवसा ठेवायचा नाही. नळीचं तोंड नेहमी अशा दिशेला, की गोळी सुटलीच तरी कुणाला लागू नये. फ्लॅटमध्ये अशी दिशा शोधणं अवघड असतं, कारण भिंतीपलीकडे शेजारी असतो. आम्ही घरात वाळूने काठोकाठ भरलेली बादली ठेवली आहे. टेबलावरचं सगळं काम तिच्याकडे तोंड करून चालतं. काम सुरू करण्याआधी काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. मुलं घरात असतील तर खोलीचं दार आतून बंद.

कारखान्याचं ग्रीस

नव्या पिस्तुलावरचा चिकट थर वंगण नसतो. गोदामात गंजू नये म्हणून लावलेलं ते संरक्षक ग्रीस असतं. तसंच ठेवून गोळ्या झाडल्या तर धूळ आणि काजळी त्यात कालवली जाते आणि स्लाइड अर्ध्यात थबकते. म्हणून पहिलं काम, पुस्तिकेप्रमाणे पिस्तूल उघडणं. जितकं पुस्तिकेत मालकाला उघडायला सांगितलंय तितकंच, त्यापुढे नाही.

या जातीच्या बऱ्याच पिस्तुलांत रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे स्लाइडला पुन्हा पुढे ढकलणारी स्प्रिंग, नळीभोवतीच गुंडाळलेली असते आणि ती जोरात सुटते. चष्मा घाला. पहिल्या एक-दोन वेळा मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून उघडा. स्प्रिंग उडाली तरी पिशवीतच राहते. भाच्याने पिशवी न घेता उघडलं तेव्हा स्प्रिंगची टोपी कपाटाखाली गेली आणि आम्ही दोघं तासभर टॉर्च घेऊन जमिनीवर होतो.

ग्रीस उतरवायला बंदुकीचं सॉल्व्हंट उत्तम. ते नसेल तर रॉकेल चालतं, पण खिडक्या उघडून आणि गॅस, उदबत्ती, सगळं विझवून. जुन्या बनियानच्या सुती चिंध्या करा. नळीतून सुती चिंधी घातलेली सळई चेंबरच्या बाजूने शिरवता येत असेल तर तशीच शिरवा. पितळी ब्रश, मग सॉल्व्हंटची चिंधी, मग कोरडी चिंधी, ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत. गोळी झाडताना नळी आणि चेंबर कोरडेच हवेत. चेंबरमध्ये तेल राहिलं तर काडतुसाची पुंगळी (दारू भरलेलं धातूचं कवच) भिंतीला घट्ट धरत नाही आणि स्लाइडला जास्त जोराचा धक्का बसतो. फायरिंग पिनच्या, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या टाचणीच्या, भोकात तेल गेलं तर ते काडतुसाच्या टोपीपर्यंत (बुडातली, आपटल्यावर पेटणारी) झिरपून बार निकामी करू शकतं.

आता वंगण. स्लाइड ज्या खाचांवर सरकते तिथे दोन्ही बाजूंना एकेक थेंब, नळीच्या बाहेरच्या अंगाला बोटाने पुसट थर, बस. खिशातल्या पिस्तुलात कापडाचे तंतू आणि धूळ शिरते. जितकं जास्त तेल, तितका जास्त गाळ. बंदुकीचं तेल नसेल तर शिलाई मशीनचं पातळ तेल तात्पुरतं चालेल. घरातलं कुठलंही खाण्याचं तेल नाही. खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठू लागतं, आणि नागपुरात डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या आसपास येतो. जवसाचं तेल आपल्या विदर्भात घरोघरी मिळतं, पण ते हवेत सुकून वार्निशसारखा पापुद्रा धरतं. रंगवाले ते त्यासाठीच वापरतात. पिस्तुलात तो पापुद्रा धरला की मग खरवडत बसावं लागतं.

हातानेच दोनशे वेळा

या पायरीवर माझा सगळ्यात जास्त जोर आहे, आणि नवखे नेमकी हीच टाळतात.

बत्तीस बोअरची छोटी पिस्तुलं बहुतेक ब्लोबॅक पद्धतीची असतात. बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी जॉन ब्राउनिंगने १९०० च्या सुमारास जी घडण बसवली, तिचाच हा वंश. यात नळी आणि स्लाइडला जोडणारं कुलूप नसतं. बार उडाला की पुंगळी मागे ढकलली जाते, आणि तिला थोपवायला फक्त स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर असतो. म्हणून पिस्तूल इवलंसं असूनही त्याची स्प्रिंग दांडगी असते. मोठ्या नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलापेक्षा हे ओढायला जड जातं, यात तुमच्या मनगटाचा दोष नाही.

स्लाइड ओढण्याची रीत अशी: पिस्तूल पोटाजवळ आणा, डाव्या हाताच्या चार बोटांनी आणि तळव्याने स्लाइडचा मागचा भाग घट्ट धरा, आणि डाव्या हाताने ओढण्यापेक्षा उजव्या हाताने फ्रेम पुढे ढकला. दंडाची ताकद कामी येते, बोटांवर भार पडत नाही. बाहेर घोडा असलेलं पिस्तूल असेल तर आधी घोडा चढवून घ्या, निम्मा जोर वाचतो. आमच्या वहिनींना भाच्याने हीच रीत दाखवली आणि त्यांनी पहिल्याच दमात स्लाइड ओढली. डावा हात नळीच्या तोंडापुढे कधीही जाऊ देऊ नका. पिस्तूल आखूड असल्यामुळे बोट पुढे घसरायला एवढंसं निमित्त पुरतं.

रोज तीस-चाळीस वेळा, असं पाच-सहा दिवस. पूर्ण मागे, मग सोडून द्या. हाताने सावकाश पुढे नेऊ नका, कारण झाडताना ती स्वतःच्या जोरानेच जाणार आहे. शंभर झाल्यावर उघडा आणि पांढऱ्या कापडावर तेल पुसून घ्या. कापडावर राखाडी, चमचमता गाळ दिसेल. घासून निघालेला तो धातू आहे आणि तो दिसायलाच हवा. खाचांवर दोन्ही बाजूंना सारख्या उजळ रेघा पडल्या तर पिस्तूल नीट बसतंय. एकाच बाजूला खोल ओरखडा असेल, नखाला टोचणारी धार लागत असेल, तर तिथे बर, म्हणजे कापकामात उरलेली धातूची कड, राहिलाय. अशा वेळी पिस्तूल दुकानदारामार्फत कारखान्याकडे.

इथे मन आवरणं कठीण जातं, मी समजू शकतो. माझ्याकडे बारीक एमरी पेपर आहे, पॉलिशिंगचं सामान आहे, हातात चाळीस वर्षांची सवय आहे. फीड रॅम्पवर, म्हणजे काडतूस ज्या उतारावरून चेंबरमध्ये चढतं तिथे, दोन हात फिरवले की काडतूस झरकन चढेल हे मला डोळ्यांपुढे दिसतं. तरी मी हात लावला नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्र दुरुस्तीचा धंदाही परवान्याविना करता येत नाही, आणि रॅम्पचा कोन चुकला तर काडतुसाचा तळ उघडा पडू शकतो. घासायचं काम स्लाइडला करू द्या, एमरीला नाही.

चापाचा सराव याच दिवसांत होतो. पुस्तिकेत रिकामा चाप ओढायला मनाई नसेल तर ओढा. मनाई असेल किंवा शंका असेल तर स्नॅप कॅप, म्हणजे नकली काडतूस, चेंबरमध्ये घाला. समोर वाळूची बादली. चाप सरळ मागे, एका दाबात, नळी न हलवता. दहा मिनिटं पुरेत. आठवड्यात चापाची खरखर कमी झाल्याचं जाणवेल. निम्मी खरखर पिस्तुलाची गेलेली असते, निम्मी तुमच्या बोटाची.

नुसतं "बत्तीस" म्हणू नका

काउंटरवर "बत्तीसची एक पेटी द्या" म्हणणाऱ्याला चुकीची पेटी मिळू शकते. बत्तीसमध्ये दोन जाती सर्रास चालतात. रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब असतं, पुंगळी जवळपास २३ मिलिमीटर आणि बुडाला ठसठशीत कड. पिस्तुलाचं आखूड, पुंगळी सुमारे १७ मिलिमीटर, त्यालाच ७.६५ मिलिमीटर किंवा ऑटो म्हणतात. पेटीवर वाचा, पावतीवर वाचा, मगच पैसे द्या. देशी काडतुसांच्या बुडावर "केएफ" असा ठसा दिसतो. तो पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा, जो १८६९ पासून चालू आहे. आपल्याकडे अंबाझरीचीही ऑर्डनन्स फॅक्टरी आहे म्हणून काहींना वाटतं काडतुसं तिथून येतात. अंबाझरीचं काम तोफगोळ्यांचे कवच आणि रॉकेटचे भाग असं मोठ्या मापाचं आहे.

पिस्तुलाच्या काडतुसाची एक खोड लक्षात ठेवा. त्याच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर असते: कड सुमारे ९.१ मिलिमीटर, तिच्या पुढचं अंग सुमारे ८.५. दिसायला फरक नखाएवढाही नाही. पण मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली तर दोघं एकमेकांत अडकतात, आणि ते झटका मारून, चाप ओढून, कशानेच सुटत नाही. मॅगझिन काढून काडतुसं हाताने वेगळी करावी लागतात. म्हणून भरताना प्रत्येक नवं काडतूस पुढून मागे सरकवत असं बसवा, की त्याची कड खालच्याच्या कडेच्या पुढे राहील. भरून झालं की मॅगझिनची पाठ तळव्यावर हलकेच आपटा आणि वरून बघा. गोल टोकाची, पूर्ण तांब्याच्या कवचाची काडतुसं मॅगझिनची लांबी भरून टाकतात आणि कमी सरकतात. आखूड टोकाच्या काडतुसांना मागेपुढे व्हायला जागा मिळते, तिथे ही अडचण जास्त.

पेटीतलं प्रत्येक काडतूस रेंजला, म्हणजे नेमबाजीच्या मैदानाला, निघण्याआधी बघा. काचेवर लोळवा, डुगडुगलं तर बाजूला. टोपी बुडापेक्षा वर आलेली, पुंगळीवर हिरवट डाग, गोळी आत दबलेली, असं काहीही दिसलं तर ते काडतूस वापरायचं नाही.

रेंजवरचा पहिला दिवस

झाडायचं फक्त परवानगी असलेल्या रेंजवर. काटोल रोडला मित्राचं शेत आहे, उमरेडकडे मामांची वाडी आहे, हे चालणार नाही. आपल्या जिल्ह्याला पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला लागून आहेत; अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे आणि हद्दीचा दगड गाडीतून दिसत नाही. लग्नातला बार तर विसराच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हर्षगोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

नेताना पिस्तूल रिकामं, कुलूपबंद पेटीत, काडतुसं वेगळी, मूळ परवाना जवळ. उन्हाळ्यात सकाळीच जा. मे महिन्यात दहानंतर हात घामाने निसटतो आणि पत्र्याखाली उभं राहून लक्ष लागत नाही. डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण दोन्ही घाला. छोट्या नळीचा आवाज कानठळ्या बसवणारा असतो.

पहिल्या फेरीला मी पंचवीस काडतुसं धरतो. मॅगझिनांवर रंगाने १ आणि २ लिहून ठेवा. पाच मीटरवर कागद.

पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच काडतूस. झाडा, थांबा, पुंगळी कुठे पडली बघा, चेंबर तपासा. मग दोन. दोनच का? आतल्या खाचेत दोष असेल तर काही वेळा एका दाबात दुसरी गोळीही आपोआप सुटते. भरलेल्या मॅगझिनने तसं झालं तर नळी वर उचलली जाते आणि उरलेल्या गोळ्या छताकडे जातात. दोनच असतील तर नुकसान तिथेच थांबतं. दोन गोळ्या दोन वेगळ्या दाबांत सुटल्या, की मग तीन, मग पाच, मग पूर्ण भरलेलं. मॅगझिन बदलत राहा.

पकड खंबीर हवी, पण हाताचा पंजा फार वर चढवू नका. छोट्या पिस्तुलात स्लाइड मागे येताना अंगठा आणि तर्जनीमधली कातडी खरवडते. डाव्या हाताचा अंगठा स्लाइडच्या मागे कधीच नाही. कागदावर गोळ्या एकमेकींच्या जवळ पडल्या तर पुरे. मधोमध लागण्याचा हट्ट पहिल्या दिवशी नको. माशी (पुढची नेमखूण) आणि दर्शकामधलं (मागची नेमखूण) अंतर इतकं आखूड असतं की केसाएवढी चूक कागदावर मुठीएवढी दिसते.

अडकलं तर

नवं पिस्तूल पहिल्या दिवशी दोन-तीनदा अडकलं तर घाबरायचं कारण नाही, पण प्रत्येक अडकणं वहीत लिहायचं: कितवी गोळी, कोणतं मॅगझिन, काय दिसलं.

चाप ओढला आणि फक्त टक वाजलं, तर नळी समोर ठेवून मनात तीस आकडे मोजा. काही टोप्या उशिरा पेटतात. मग मॅगझिन काढा, स्लाइड ओढून काडतूस बाहेर टाका आणि टोपीवरचा खळगा बघा. खळगा खोल असेल तर दोष काडतुसाचा. उथळ असेल तर फायरिंग पिनच्या वाटेत घाण असेल, किंवा स्लाइड पूर्ण बंद झाली नसेल.

फुसका बार सगळ्यात धोकादायक. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, झटका कमी लागला, पुंगळी धड बाहेर पडली नाही, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिच्या मागून दुसरी झाडली तर नळी फुटते. तिथेच थांबा, पिस्तूल रिकामं करा, रेंजवरच्या जाणत्या माणसाला हाक मारा आणि उघडून नळीतून सळई घालून खात्री करा. आवाज दबका होता की नाही अशी नुसती शंका आली तरी तपासा.

बाकीची अडथळ्यांची कारणं जागेवरून कळतात. दर वेळी मॅगझिनमधलं शेवटचं काडतूस अडत असेल तर मॅगझिनची स्प्रिंग कमजोर. पूर्ण भरल्यावर पहिलंच अडत असेल तर स्प्रिंग अजून कडक आहे. मॅगझिन भरून काही दिवस कुलपात ठेवलं की ती बसते. एकाच नंबरच्या मॅगझिनमध्ये सगळं होत असेल तर त्याचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, वाकलेत. पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकत असेल तर बहुधा पकड ढिली, किंवा कोरडं पिस्तूल, किंवा मंद काडतूस. स्लाइड पूर्ण बंद व्हायला केसभर कमी पडत असेल तर मागून अंगठ्याने ढकलून झाडू नका. रिकामं करा, पुसा, तेलाचा थेंब द्या. पहिल्या पन्नास गोळ्यांत हे आपोआप थांबायला हवं.

रिकाम्या पुंगळ्या गोळा करून बघा. बुडाजवळ फुगवटा, उभी चीर, टोपी फाटलेली, असं दिसलं तर त्या पेटीतलं पुढचं काडतूस झाडू नका. पुंगळ्या आणि झाडलेल्या गोळ्यांचा आकडा जुळवून, तारखेसह वहीत लिहा.

निघताना हात साबणाने धुवा. टोप्यांच्या धुरात शिसं असतं. रेंजवरून थेट तर्री पोह्याच्या गाडीवर जायची आमची पद्धत आहे. पण हात, तोंड धुतल्याशिवाय मी भाच्याला प्लेट धरू देत नाही.

दुसरी फेरी, आणि पुरे कधी म्हणायचं

दर गोळीनंतर नळी साफ करण्याचा विधी लांब पल्ल्याच्या रायफलवाले करतात. सात मीटरवर झाडायच्या आखूड नळीला त्याने काही फरक पडत नाही. पहिल्या फेरीनंतर मात्र घरी पूर्ण उघडून साफ करा. या वेळी काजळीबरोबर पुन्हा थोडा चमचमता गाळ निघेल. दुसऱ्या फेरीला पन्नास गोळ्या, दोन्ही मॅगझिनमध्ये वाटून, आणि जी काडतुसं तुम्ही जवळ बाळगणार तीच. वेगळ्या पेटीची काडतुसं चालली म्हणजे ही चालतील असं नसतं.

माझा निकष असा: शेवटच्या सलग पन्नास गोळ्या एकही अडथळा न येता गेल्या, दोन्ही मॅगझिन चालले, तर पिस्तूल रुळलं. शंभर गोळ्यांनंतरही तोच दोष पुन्हा पुन्हा येत असेल तर तो रुळण्याचा प्रश्न राहत नाही. वहीतली पानं दाखवून दुकानदाराकडे जा. तारीख, मॅगझिन नंबर आणि गोळीचा क्रमांक लिहिलेला असला की तुमचं म्हणणं टाळता येत नाही. भाच्याच्या पिस्तुलाचं दुसरं मॅगझिन असंच वहीमुळे बदलून मिळालं. सातपैकी सहा वेळा शेवटचंच काडतूस अडलं होतं.

कूलर, पावसाळा आणि घाम

नागपुरातल्या गंजाचं मोठं कारण पावसाळा नसून कूलर आहे. बाहेर पंचेचाळीस अंशांची कोरडी हवा, आणि आत वाळ्याच्या ताट्यांतून ओली गार हवा दिवसभर. लोखंडी तिजोरी त्याच खोलीत असली की तिच्या पत्र्यावर आणि पिस्तुलावर ओल धरते. नवतपा लागायच्या आत तिजोरी कूलर नसलेल्या खोलीत हलवा. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, महिन्याने बदला. चामड्याच्या म्यानात पिस्तूल ठेवून देऊ नका. चामडं ओल शोषतं आणि कमावताना वापरलेली रसायनंही त्यात असतात.

घामाची बोटं तर सगळ्यात वाईट. गेल्या निवडणुकीत शस्त्र जमा करायला सांगितलं तेव्हा मी घाईत पिस्तूल तसंच पेटीत घालून दिलं, पुसलं नाही. परत मिळालं तेव्हा स्लाइडवर माझ्याच अंगठ्याचा ठसा तांबडा उमटला होता, रेषा न् रेषा. तेल आणि मऊ पितळी ब्रशने वरचा गंज गेला, खालचा डाग राहिला. आता जमा करण्याआधी मी पूर्ण कोरडं पुसतो, तेलाच्या चिंधीने बाहेरून एक हात फिरवतो, नळीत पुसट थर देतो आणि पावतीवर नंबर तपासून घेतो. परत आलं की पुन्हा चेंबरला बोट, नळी कोरडी, आणि पुढच्या रेंजच्या दिवशी आधी एक गोळी, मग दोन, मग मॅगझिनभर.

खिशात बाळगायचंच असेल तर चाप पूर्ण झाकणारं खिशाचं म्यान घ्या आणि त्या खिशात दुसरं काहीही नको. किल्ल्या नाहीत, सुटे पैसे नाहीत, खर्र्याची पुडीही नाही. आठवड्यातून एकदा मॅगझिन रिकामं करून कापडाचे तंतू झटका. भाचा हे दर रविवारी करतो, आणि वहीत तारखेपुढे टिक करतो.